अक्षर येण्याच्या आधी सोडायची जागा

मंडळी, बसून घ्या. मागं भिंतीला टेकून जे उभे हायेत त्यांनीबी पुढं या, सतरंजीवर जागा हाये.

मी घरून दोन कागद लिहून आणले होते. चांगल्या पुस्तकी मराठीत. ‘आज अत्यंत जड अंतःकरणाने’ असं पहिलं वाक्य होतं. पण इथं येऊन बसलो तर समोर वत्सलामाय बसेल हाये. तिच्या बाजूला वर्षा बसेल हाये. एकीचा पोरगा गेला, एकीचा भाऊ गेला, आन् त्या दोघींपुढं मी कागद वाचू? नाई जमत. कागद खिशात टाकला. आपल्या बोलीतच बोलतो. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या, असं म्हणायची पद्धत हाये. आज मी तसं म्हणत नाई. सांभाळून घेऊ नका.

आसेगावचे बरेच जण मले ओळखतात. जे ओळखत नाईत त्यांच्यासाठी सांगतो. मी प्रमोद. शेलूबाजारात हायवेला लागून माहं कम्प्युटरचं दुकान हाये. फॉर्म भरून देतो, पोट्ट्यांचे क्लास घेतो, लोकांच्या वेबसाइटी बनवून देतो. अंकुश पहिले माह्या क्लासले आला, मग माह्याच दुकानात काम करायले लागला. अकरा वर्षं. सकाळी वावरातली भाजी उतरवायची, बाजारात पोचवायची, आन् दहाला दुकानात हजर. वावरातल्या मोटरीच्या स्टार्टरच्या करंटनं त्याले ओढलं त्या दिवशीबी त्याचा फोन आला होता. म्हणे, "सर, मेथीले पानी सोडतो आन् दहा वाजता येतो." मी दहाला शटर वर केलं. त्याची खुर्ची पुसून ठेवली. साडेदहाला त्याच्या चुलतभावाचा फोन आला.

माह्या आधी दोघं जण बोलले. एक म्हणाले, अंकुश मनमिळाऊ होता. कोणता अंकुश? मले दाखवा बरं. गेल्या सहा वर्षांत तो पारावर बसला का कोणासंग? कोणाच्या लग्नात पंगतीले दिसला? जिवंत होता तेव्हा तुमी त्याले आखडू म्हणत होते. मेला की लगेच मनमिळाऊ. आपल्याकडं ही लय सोय हाये, माणूस मेला की त्याचा स्वभाव आपणच ठरवतो, तो काही उठून नाई म्हणत नाई.

दुसरे म्हणाले, फावल्या वेळात तो फाँट-फिंट बनवत होता, चांगला छंद होता.

छंद.

मले इथं थोडं थांबू द्या. पाणी द्या कोणी.

मंडळी, मागं पाहा. हा फ्लेक्स पाहा. कारंज्याहून करून आणला, माह्या दुकानातला नाई. फोटो झकास हाये. पण त्याचं नाव पाहा. अंकुशमधला वरचा टिंब कापल्या गेला, खालचा उकार कापल्या गेला. आता काय उरलं ते तुमीच वाचा. काहून कापल्या गेलं? कारण अक्षर वर किती जाते, खाली किती उतरते, बाजूले किती पसरते, हे कोणी मोजलंच नाई. चौकट केली, त्यात अक्षर कोंबलं, जे बाहेर आलं ते छाटलं. अंकुश सहा वर्षं हेच मोजत होता. आन् त्याच्याच नावाची आपण ही गत केली. तो असता तर हसला नसता. फ्लेक्स उतरवून मले फोन केला असता.

काय मोजत होता, ते साधं करून सांगतो. कारण ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाई, आन् पुढचं तुमाले समजलंच पाह्यजे.

तुमच्या मोबाईलमध्ये जी अक्षरं दिसतात, त्याले आमी फाँट म्हणतो. पहिले बारीक अक्षराचा फाँट वेगळा, जाड अक्षराचा वेगळा. आता असे फाँट आले की एकाच फाँटची जाडी कमी-जास्त करता येते, नळाची तोटी फिरवल्यावाणी. पण जाडी बदलली की सगळंच बदलते. जाड ‘क’ जास्त जागा खाते. वेलांटी उंच जाते. ओळीत जिथं पाच शब्द बसत होते तिथं चारच बसतात, पाचवा खाली उतरते, आन् त्याच्या खालचं सगळं खाली सरकते. आता दुसरी गोष्ट. रेंज कमी असली की हा फाँट मोबाईलवर उशिरा येते. तोवर मोबाईल आपल्या घरचीच साधी अक्षरं दाखवते. मग खरा फाँट पोचते, आन् तुमच्या डोळ्यापुढं पान धाडकन हालते. पाह्यलं असंन तुमी. वाचता वाचता ओळ पळून जाते. आपण म्हणतो, मोबाईल हँग झाला. आन् सोडून देतो.

अंकुशनं सोडलं नाई. काहून नाई सोडलं?

आता मी सहा वर्षं मागं जातो. वर्षा, तू उठू नको. तुह्याच विषयी बोलणार हाये, पण बसून राह्य.

वर्षाले बारावीले चांगले मार्क पडले. नर्सिंगले नंबर लागला. या गावातून नर्सिंगले नंबर लागलेली पहिली पोरगी. वत्सलामायनं साऱ्या आळीत पेढे वाटले. ज्यांनी खाल्ले ते इथं बसेल हायेत. नर्सिंग कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर शेवटचं एक काम राह्यलं होतं, आपला प्रवेश पक्का करायचा. पानावर दोन बटणं. वरचं ‘रद्द करा’, खालचं ‘कायम करा’. आसेगावात तेव्हा रेंज कुठं भेटे? पाण्याच्या टाकीजवळ, तीबी एक दांडी. वर्षा टाकीजवळ गेली. पान उघडलं. खालच्या बटणावर बोट नेलं. दाबलं. आन् पानावर आलं, ‘आपला प्रवेश रद्द झाला आहे.’

ती पळत घरी आली. अंकुश तिले घेऊन संस्थेत गेला. तिथले लोक म्हणाले, नोंद पाहावी लागंन, ज्यानं वेबसाइट बनवली त्याले विचारतो. संस्थेचं नाव मी घेत नाई, कारण चूक त्यायची नव्हती. ज्यानं वेबसाइट बनवली त्याले त्यायनं फोन केला. त्यानं नोंद पाह्यली आन् सांगतलं, "बटण त्या पोरीच्याच मोबाईलवरून दाबल्या गेलं हाये. तिचं ध्यान नसंन."

तोवर यादीतल्या पुढच्या पोरीले जागा गेली होती.

तिचं ध्यान नसंन. एवढं एकच वाक्य. ते संस्थेतून निघालं आन् वर्षा एसटीनं घरी पोचायच्या आधी आसेगावात पोचलं. मग तुमी त्याचं काय केलं? आठवा. पोरीचं नाव ठेवलं ‘कॅन्सल’. "ते पाह्य, कॅन्सल चालली." विहिरीवर कॅन्सल, दळणाच्या गिरणीवर कॅन्सल. तिले पाह्यले पाहुणे आले, तर कोणी तरी फाट्यावरच त्यायच्या कानात सांगतलं. पाहुणा पोहे खाऊन म्हणते कसा, "पोरगी चांगली हाये, पण डोक्यानं जराशी..." आन् कपाळावर बोट फिरवलं. बारावीले वर्गात पहिली आलेली पोरगी.

बाप नसलेलं घर. माय बिचारी काय बोलणार? ती पोरीवरच ओरडली. "एक बटण नाई दाबता आलं वं तुले?" वत्सलामाय, तू मान खाली घालू नको. तुले जे सांगतलं ते तू खरं धरलं. आमी सगळ्यांनीच तुले तेच सांगतलं.

त्या दिवसापासून वर्षानं मोबाईलले हात लावला नाई. सहा वर्षं. कोणाचा फोन आला तर ती दुसऱ्याले आवाज देते. आधार असो का रेशन, अंगठा देते, पण बटण दाबायचं म्हटलं की हात मागं घेते. म्हणते, "माह्या हातून नको." चौथीतल्या पोट्ट्याले म्हणते, तू दाब. टमाट्याचे कॅरेट उचलून उचलून त्या हातांचे काय हाल झाले ते तुमाले दिसतात. पण बटण? माह्या हातून नको.

एकट्या अंकुशनं तिच्यावर विश्वास ठेवला. ती सांगत होती, "दादा, मी खालचंच दाबलं होतं. देवाशप्पत खालचंच." तुमी आमी हसलो. तो हसला नाई. तो तिचाच मोबाईल घेऊन त्याच टाकीजवळ गेला, तेच पान उघडलं, आन् दुसऱ्या मोबाईलनं त्याचं शूटिंग केलं. एकदा नाई, आठवडाभर. मग ते शूटिंग हळू चालवून पाह्यलं. पहिले साधी अक्षरं येतात. मग जाड फाँट येते. वरचा मजकूर दोन ओळींचा तीन ओळींचा होते. सगळं पान बोटाच्या पेराएवढं खाली सरकते. आन् जिथं ‘कायम करा’ होतं, बरोब्बर तिथं ‘रद्द करा’ येऊन बसते.

पोरीनं खालचंच दाबलं होतं, मंडळी. बोट जागेवर होतं. अक्षरं हालली.

पाटीलकाका, तुमी कायले उठून राह्यले? बसा ना. जनावराले पानी पाजायचं असंन तर पाजलं जाईन. माहं संपलं नाई, आन् जे मुख्य हाये ते तर आता येते.

ती वेबसाइट कोणी बनवली होती?

मी बनवली होती.

हो. मी. प्रमोदसर. संस्थेच्या अध्यक्षांना जाड अक्षर पाह्यजे होतं, फ्लेक्सवर असते तसं. मी म्हटलं, घ्या जाड. मी ते पान कुठं तपासलं? माह्या दुकानात. हायवेले, पंख्याखाली, भरपूर रेंजमध्ये. तिथं फाँट लगेच येते, काहीच हालत नाई. ज्या पोरी टाकीजवळ उभ्या राहून ते पान उघडणार होत्या, त्यायच्या गावात एकदा जाऊन पाहावं, एवढी अक्कल मले सुचली नाई. शेलूबाजारहून आसेगाव काय विलायतेत हाये का? ‘खरंच रद्द करू का?’ असं एकदा विचारणारा प्रश्नबी मी ठेवला नाई. रद्दचं बटण वर ठेवलं, तेबी माहंच डोकं. आन् संस्थेतून फोन आला तेव्हा, तिचं ध्यान नसंन, हे वाक्य माह्या तोंडातून निघालं. तुमी ते फक्त वाटलं. बनवलं मी.

बसा, बसा. ओरडू नका. ओरडायचं तर मग ओरडा, मी इथंच हाये.

अंकुश शूटिंग घेऊन दुकानात आला. शिव्या देईन वाटलं होतं. दिल्या नाई. कम्प्युटरवर ते हळू हळू चालवून दाखवलं. तीन वेळा. मग म्हणे, "सर, माय वांग्याचं रोप लावते तेव्हा पहिले जागा सोडते. रोप असते बोटभर, पण माय मोठ्या झाडाची जागा सोडते. कोणत्या जातीचं झाड किती पसरते, ते तिले माहीत हाये. तुमी अक्षर येण्याच्या आधी जागा सोडली नव्हती."

मी काय म्हटलं असंन? मी म्हटलं, "अरे, सगळ्याच वेबसाइटी अशा असतात." आन् ते खरं होतं बरं का. खऱ्याच्या आडोशाले बसून मी खोटं बोललो.

मग तो म्हणे, "तर मंग जागा मोजावं लागंन."

आन् तो मोजायले बसला. हा तुमचा छंद. इंग्रजी पुस्तकं दुकानात मांडून एक एक शब्द मले विचारे. मले यायचं नाई तेव्हा स्वतःच शोधे. एक प्रोग्राम लिहिला त्यानं. दिसायले काहीच नाई, कम्प्युटरवर एक काळी खिडकी, त्यात पांढरी अक्षरं. ना चित्र, ना बटण. बटण ठेवायचंच नाई, म्हणे. एका ओळीत हुकूम लिहायचा, फाँटचं नाव द्यायचं, एंटर दाबायचं. की तो प्रोग्राम त्या फाँटची तोटी सगळ्यात बारीकपासून सगळ्यात जाडपर्यंत फिरवते आन् प्रत्येक जाडीचं माप काढून देते. वर किती, खाली किती, रुंदी किती. मग मोबाईलच्या घरच्या अक्षरांले ते माप घालायचं, म्हणजे तीबी तेवढीच जागा धरून बसतात. मग खरा फाँट कितीही उशिरा येवो, तो आपल्या सोडलेल्या जागेत येऊन बसते. ओळ हालत नाई. बटण हालत नाई.

सोपं वाटते ना? त्याले चार वर्षं लागली. आपली मराठी अक्षरं काय सरळ हायेत का? जोडाक्षर हाये, रफार हाये, डोक्यावर मात्रा, त्यावर टिंब, खाली उकार. एक जाडी बरोबर आली की दुसरी बिघडे. मधल्या जाडीची मापं अंदाजानं काढली तर केसभर चुकत. मी म्हटलं, "केसभरानं काय होते बे?" तो माह्याकडं पाहून म्हणे, "सर, पेरभरानं काय झालं ते तुमी पाह्यलं." मी दुसऱ्या कामाले लागलो.

तयार झाल्यावर त्यानं तो प्रोग्राम इंटरनेटवर ठेवून दिला, कोणीही घ्या म्हणून. परमुलखातल्या माणसांची पत्रं यायची त्याले. तुमच्या मापानं आमचं पान हालायचं थांबलं, असं लिहायचे. तो मले वाचून दाखवे. माय घरी मेथीच्या जुड्या बांधत असे, तिले काय वाचून दाखवणार? आन् गावाले काय सांगणार? तुमी विचारलं असतं, यात भेटते काय?

आन् मी? मी त्याचाच प्रोग्राम वापरून पुढची सगळी पानं बनवली. लोक म्हणायचे, प्रमोदसरचं पान हालत नाई, चोख काम असते. मी हसून घेत होतो. तो बाजूच्या खुर्चीवर बसेल असे.

माणूस असा असते, मंडळी. मी सांगून राह्यलो म्हणून ऐकून घ्या.

त्यानं मले स्वतःसाठी काही मागितलं नाई. पगार वाढवा म्हटलं नाई, बोर्डावर नाव टाका म्हटलं नाई. एकच मागणं. "सर, ज्या गावानं माह्या वर्षीले नावं ठेवली, त्या गावासमोर तुमी सांगा. मी सांगून उपयोग नाई. मी भाऊ हाये, म्हणतीन बहिणीची बाजू घेते. तुमी सर हायेत. तुमच्या एका वाक्यानं झालं, तुमच्याच एका वाक्यानं मिटंन."

पहिल्यांदा म्हटला तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे ना अंकुश, झालं ते झालं, आता सांगून काय तिची सीट परत येते? दुसऱ्यांदा म्हटला तेव्हा मी खरं बोललो. म्हटलं, "माह्या दुकानाचं नाव जाईन रे. लोक फॉर्म भरायले येणार नाईत." त्यानं कीबोर्ड बाजूले सारला. मग म्हणे, "बरोबर हाये सर. दुकानाचं नाव जाईन. वर्षीचं तर गेलंच हाये."

तिसऱ्यांदा मी कबूल झालो. पोळ्याच्या दिवशी सांगतो म्हटलं. सारं गाव तोरणाखाली असते, बैलजोड्या उभ्या असतात, कोणी कुठं जात नाई. मी आलोबी, मंडळी. तुमी पाह्यलं मले. नवा कुर्ता घालून आलो होतो. सरपंचांनी मले नारळ दिला, माईकबी हातात दिला, म्हणे सर, दोन शब्द बोला. अंकुश त्याच्या जोडीची दोरी धरून समोर उभा होता. त्यानं त्या दिवशी वर्षालेबी आणलं होतं. बायांच्या घोळक्यात मागं उभी होती ती, ओढणी डोक्यावर. तिले त्यानं काही सांगतलं नव्हतं. फक्त चाल म्हटलं होतं.

मी माईकवर काय बोललो? कोणाले आठवते? नाई आठवत. आठवण्यासारखं काही नव्हतंच. "सर्व शेतकरी बांधवांना पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा." आन् माईक परत दिला.

तोरण तुटलं, बैल निघाले. अंकुशनं जोडीची दोरी चुलतभावाच्या हाती दिली. रितीनं मले घरी जेवायले नेलं. वत्सलामायनं पुरणपोळी वाढली, वर्षानं तूप वाढलं. मी दोन पोळ्या खाल्ल्या. दोन. तिसरीले नाई म्हटलं, तर वर्षा म्हणे, "घ्या ना सर, आमच्या घरी काय रोज रोज येता तुमी?" निघताना अंकुश फाट्यापर्यंत सोडायले आला. मी गाडीवर बसलो. म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की." तो म्हणे, "हो सर. पुढच्या वेळी." त्याच्या आवाजात राग असता तर मले बरं वाटलं असतं. राग नव्हता. माणूस ज्याच्याकडून काही भेटणार नाई असं समजून चुकते ना, त्याच्याशी जसा बोलते, तसा बोलला.

त्यानंतर दहा दिवसांनी मोटरीनं त्याले ओढलं.

ही त्याची पुढची वेळ हाये. आज गाव जमलं. पोळ्याले होते तेवढेच लोक हायेत, कदाचित जास्तच. आन् मले पुन्हा माईक भेटला. त्याच्यासाठी त्याले मरावं लागलं. माह्यासारख्या माणसाकडून एक खरं वाक्य काढासाठी या गावात एवढी किंमत पडते.

वर्षा. बाई, इकडं पाह्य. नाई पाह्यलं तरी ऐक.

तुह्यं बोट चुकलं नव्हतं. तू खालचंच दाबलं होतं. ते पान मी बनवलं होतं, ते हाललं, आन् मले हे सहा वर्षांपासून माहीत होतं. तुह्या भावानं मले दाखवलं होतं. माहीत असून मी गप्प बसलो. तू वाढलेलं तूप खाऊन गप्प बसलो. माफी मागत नाई. माफी मागितली की तुले ती द्यावं लागते, आन् तुह्याकडून आता मी काहीच घेणार नाई.

गावकऱ्यांनो, तुमाले एकच सांगतो. आजपासून या पोरीले वर्षा म्हणायचं. ज्याच्या तोंडून दुसरं नाव निघंन, त्यानं पहिले शेलूबाजारले माह्या दुकानात यावं, ते शूटिंग मी बाहेरच्या टीव्हीवर लावून ठेवलं हाये. पाहावं आन् मग काय म्हणायचं ते म्हणावं. माह्या दुकानाचं नाव गेलं तर जाऊ द्या.

आता शेवटचं. अशा सभेत दोन मिनिटं उभं राहायची रीत हाये. फोटोकडं तोंड करून, घड्याळ पाहात. अंकुशले गप्प लोकांचं काय कौतुक? त्याच्यापुढं मी सहा वर्षं गप्पच होतो. ही शांतता त्याच्या बहिणीले द्या. तुमी जे बोलले, मी जे बोललो नाई, ते दोन्ही आठवत उभे राहा.

त्याच्या फोटोपुढं मी हा त्याचा मोबाईल ठेवून राह्यलो. यावर त्यानं बनवलेलं एक पान हाये. टाकीजवळ जाऊन तो यावरच तपासून पाहे, आपलं माप बरोबर आलं का नाई म्हणून. त्याचीच अक्षरं, त्याचंच माप. खाली एकच बटण हाये, त्यावर लिहेल हाये ‘झालं’. इथंबी रेंजची एकच दांडी हाये. मी आत्ता तुमच्यासमोर उघडलं. साधी अक्षरं आली, मग जाड आली. बटण तसूभर हाललं नाई.

दोन मिनिटं मोजू नका. वर्षाले वाटंन तेव्हा ती येईन, आन् ते बटण दाबंन. मग आपण बसू. आज नाई वाटलं, तर नाई. तोवर कोणी खाली बसायचं नाई, पाटीलकाका, तुमीबी नाई.

उभे राहा, मंडळी.

घाई नाई, वर्षा. आमी उभे हाओत.